पावसाळ्यात घरच्या घरी मुलांसोबत काय बनवावं? (वय साडेतीन आणि सहा)

आषाढसरी

नमस्कार मंडळी. घरात दोन मुलं आहेत, धाकटा साडेतीन आणि थोरली सहा वर्षांची. पावसामुळे संध्याकाळचं खाली खेळणं बंद आहे, म्हणून रोज तासभर दोघांच्या हाताला काहीतरी काम द्यायचं आहे. घरात रद्दी आहे, पार्सलचे खोके आहेत, फेविकॉलची पांढरी बाटली आहे, गोल टोकाच्या दोन कात्र्या आहेत. ग्लू गन, कटर असलं काही नको.

अडचण अशी की धाकट्याला झेपेल त्याचा थोरलीला पाच मिनिटांत कंटाळा येतो, आणि तिला आवडेल ते त्याच्या वाटचं आम्हीच करत बसतो. बाजारातली तयार किट्स पाहिली. सगळं आधीच कापलेलं असतं, मुलांनी फक्त स्टिकर लावायचा. शिवाय या हवेत काही वाळतही नाही. मैदा-मिठाच्या गोळ्याच्या पणत्या कडक होतात आणि दोन दिवसांनी परत हाताला चिकट लागतात. धाकटा बोटं चाटतो म्हणून फेविकॉलऐवजी मैदा शिजवून केलेली घरची खळ वापरावी म्हणते, तर तिच्यात गुठळ्या होतात आणि धड चिकटतही नाही.

खळीचं नेमकं प्रमाण, या हवेत जमतील अशा चार-पाच वस्तू, आणि कागद-माती पुण्यात कुठे मिळेल एवढं सांगाल का? पोळ्याला मातीचे बैल घरी करायचं डोक्यात आहे, तेही आत्ताच विचारून ठेवते.

कात्रीकागद

वस्तू दोघांना एकच द्या, पायऱ्या वाटून द्या. साडेतीनच्या मुलाला एकच कृती पुन्हा पुन्हा करायला आवडते: फाडणं, चुरगळणं, थापणं, ठसे मारणं. सहाच्या मुलीला क्रम हवा असतो: एक खालून, एक वरून, मोजून घडी. मोठ्यांनी आखणी करायची आणि भोकं पाडायची, एवढंच. तुमच्या हातात कात्री दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ राहिली तर समजा वस्तू चुकीची निवडली.

धाकट्याला आधी फाडायला शिकवा. लहान मुलं कागद दोन्ही बाजूंना ओढतात, म्हणून तो फाटत नाही. दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींना चिकटून धरायच्या, एक हात आपल्याकडे आणि दुसरा पलीकडे न्यायचा. वर्तमानपत्र उभं, म्हणजे कॉलमच्या दिशेने, सरळ फाटतं आणि आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, कारण कागदाचे तंतू बहुतेक उभे असतात. हे एकदा दाखवलं की मूल पट्ट्यांचा ढीग लावतं. घोटीव कागदाचे नखाएवढे तुकडे फाडून पुठ्ठ्यावर काढलेल्या मोठ्या आंब्यात किंवा माशात चिकटवायचे, हे त्याचं एका दुपारचं काम.

कात्रीसाठी पातळ कागद देऊ नका, तो पात्यांमध्ये दुमडतो. जुन्या लग्नपत्रिका आणि औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा यासाठी उत्तम. दीड सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या तुम्ही कापून द्या, म्हणजे एका दाबात एक तुकडा पडतो. लांब रेघ कापायला लावली की मूल कात्रीबरोबर सगळं अंग वळवतं. अंगठा वरच्या बाजूला, कोपर अंगाशी, आणि वळवायचा तो कागद. मूल डावखुरं असेल तर डाव्या हाताची कात्री आणा. उजव्या हाताच्या कात्रीने डाव्या हाताचा दाब पाती एकमेकांपासून दूर ढकलतो, मग कागद कापलाच जात नाही आणि बोलणी मुलाला बसतात.

आता दोघांची मिळून कागदाची चटई. ए-फोर आकाराचा टिंटेड कागद आडवा ठेवून, लांब कडा जुळवून अर्धा दुमडायचा. दुमडीकडून उघड्या कडेकडे दोन-दोन सेंटिमीटरवर चिरा द्यायच्या, पण कडेची अडीच सेंटिमीटर जागा सोडायची. कागद उलगडला की ताणा, म्हणजे विणायच्या उभ्या पट्ट्या, तयार. दुसऱ्या रंगाच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या थोरलीने खालून-वरून विणायच्या, पुढची पट्टी उलट क्रमाने. इथे एकच गोष्ट बिघडते: प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीला बोटाने सरकवून घट्ट बसवली नाही तर शेवटी दोन पट्ट्यांची जागा उरते आणि विणकाम सैल पडतं. धाकट्याने प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं चिकटवायची. पट्ट्या ताण्यापेक्षा किंचित अरुंद, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर कमी घेतल्या तर आणखी सोपं जातं.

फेविकॉल बाटलीतून थेट देऊ नका. बाटलीच्या झाकणात वाटाण्याएवढा काढून इअरबडने लावायला द्या. कागद सुरकुततो तो जास्त गोंदातल्या पाण्याने. एक कागद ओला होऊन फुगतो, दुसरा कोरडा राहतो, आणि वाळताना दोघांची ओढाताण होते. गोंद कडेला बारीक रेघेत लावा आणि जड पुस्तकाखाली दहा मिनिटं ठेवा.

पुठ्ठा

खळीबद्दल. वाटी कुठलीही घ्या, पण सगळं मोजायला तीच. अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी गार पाणी, दोन वाट्या गरम पाणी. मैदा गार पाण्यात आधी पूर्ण कालवायचा, बोटाला एकही गुठळी लागता कामा नये. मग हे मिश्रण गरम पाण्यात बारीक धारेने सोडायचं आणि मंद आचेवर सतत ढवळायचं. गुठळ्या होतात त्या कोरडा मैदा सरळ गरम पाण्यात टाकल्याने: कणांचा बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं.

चिकटत नाही याचा अर्थ कच्ची राहिली. गव्हाचा स्टार्च ६०-६५ अंशांच्या आसपास फुगायला लागतो, पण मैद्याचा पांढरेपणा जाऊन खळ किंचित पारदर्शक दिसायला त्यापुढे उकळी येऊन तीन-चार मिनिटं जावी लागतात. उतरवताना ती इडलीच्या पिठापेक्षा पातळ असावी, गार झाल्यावर घट्ट होते. कणीक चालते, पण कोंड्याचे कण राहतात आणि रंग तपकिरी येतो. आणखी सोपं हवं असेल तर गरम भाताची शितं. पतंगाची फाटकी कड शिताने चिकटवायची जुनी पद्धत आहेच, आणि बोटं चाटली तरी बिघडत नाही. जाड पुठ्ठ्याला मात्र शीत पुरत नाही.

खळ या दिवसांत बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते. झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबट वास आला की फेकून द्या, वर नवा मैदा शिजवून त्यात मिसळू नका.

या खळीवर कागदाच्या लगद्याची वाटी छान होते. वर्तमानपत्राची चार मोठी पानं धाकट्याने तुकडे करून फाडायची आणि रात्रभर गरम पाण्यात भिजवायची. सकाळी जुन्या मिक्सरच्या भांड्यात एक मूठ कागदाला दोन वाट्या पाणी घालून थांबत थांबत फिरवा. कोरडं फिरवलं तर मिक्सर तापतो. लगदा पंचात पिळून घ्या: दाबल्यावर पाणी टपकायला नको, पण हाताला ओलसर लागला पाहिजे. पिळलेल्या दोन वाट्या लगद्याला अर्धी वाटी खळ आणि असल्यास एक चमचा मेथीपूड. लगद्याच्या टोपल्यांत पूर्वी मेथी घालत ती चिकटपणासाठी आणि कीड लागू नये म्हणून.

साच्याला स्टीलचं वाडगं घ्या, आत तेलाचा हात फिरवा आणि लगदा आतून थापा. बरेच जण वाडगं उपडं घालून बाहेरून थापतात. लगदा वाळताना आकसतो. बाहेरून थापलेला वाडग्याला आवळतो, मग एकतर निघत नाही नाहीतर उभा तडकतो. आतून थापलेला आकसून भिंतीपासून आपोआप सुटतो. जाडी चार-पाच मिलिमीटर, त्याहून जास्त नको. पावसाळ्यात जाड थर आतून ओला राहतो आणि त्यावर काळे ठिपके येतात. दीड दिवसाने वाडग्यातून काढून उपडी करा, पंख्याखाली जाळीवर ठेवा, एकूण चार-पाच दिवस धरा. बुडाखाली हवा लागली पाहिजे, ताटात ठेवून चालणार नाही.

एवढा धीर नसेल तर लगदा सोडा आणि पट्ट्यांचे थर द्या. त्याच वाडग्यात प्लास्टिकची पिशवी अंथरून, खळीत बुडवून निपटलेल्या पट्ट्यांचे चार थर. पहिला थर साध्या पानांचा, दुसरा रंगीत पुरवणीचा, तिसरा परत साधा. कुठे थर राहिला ते लहान मुलांनाही दिसतं आणि मोजावं लागत नाही.

जुनावाडा

खळीत चिमूटभर मोरचूद घाला. बुकबाइंडिंगवाले घालतात, महिनाभर काही होत नाही, झुरळंही फिरकत नाहीत.

पुठ्ठा

जुनावाडा, बाइंडिंगच्या खळीत ते बरोबर आहे, इथे मात्र नको. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पोटात गेलं तर उलट्या होतात आणि त्याहून वाईटही होऊ शकतं. मूल बोटं चाटतं असं वर लिहिलेलं आहे. दिसायला निळे सुंदर खडे असतात, त्यामुळे ते मुलांच्या हाताला लागतील असे घरात ठेवूच नयेत. खळ थोडी करावी, संपली की परत करावी.

भिंगरी

वाळण्याची कटकट नको असेल तर हवेत फिरणाऱ्या कागदी वस्तू करा. अर्ध्याहून जास्त वस्तूंना गोंदच लागत नाही.

सगळ्यात सोपा उडता मासा. वहीच्या किंवा मासिकाच्या कागदाची पट्टी, दोन सेंटिमीटर रुंद आणि पंधरा लांब. एका टोकापासून दोन सेंटिमीटरवर वरच्या कडेकडून अर्ध्या रुंदीपर्यंत चीर. दुसऱ्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर खालच्या कडेकडून चीर. दोन्ही चिरा एकमेकींत अडकवल्या की शेपटीचा मासा होतो. उंचावरून आडवा सोडला की गरगरत खाली येतो. दोन्ही चिरा एकाच कडेने दिल्या तर तो नीट अडकत नाही आणि फिरतही नाही. चीर अर्ध्यापेक्षा पुढे गेली तर शेपूट तुटते. वर्तमानपत्राचा केला तर लुळा पडतो. धाकटा खुर्चीवर उभा राहून टाकतो, थोरली निरनिराळ्या लांबीच्या पट्ट्या करून कुठला जास्त वेळ तरंगतो ते बघते. फक्त खुर्ची धरायला कुणीतरी हवं.

हेलिकॉप्टर: पाच बाय वीस सेंटिमीटरचा कागद. वरून मधोमध आठ सेंटिमीटर चीर, दोन पंख विरुद्ध बाजूंना मोडायचे. चिरेखाली एक सेंटिमीटर सोडून दोन्ही कडांकडून एक तृतीयांश आत काप, तो भाग आत दुमडून दांडा करायचा, खाली एक जेम्स क्लिप. क्लिप नसेल तर कागद डुलत पडतो, फिरत नाही. दोन क्लिपा लावल्या की फिरतो पण लवकर खाली येतो. पंख ज्या दिशांना मोडले त्या उलटवल्या की फिरण्याची दिशाही उलटते. सहा वर्षांच्या मुलांना हे स्वतः शोधू द्या, आधी सांगू नका.

भिरभिरं सगळेच करतात, पण ते फिरत नाही ही कायमची तक्रार. चौदा सेंटिमीटरचा चौरस घ्या, कर्णांवर चिरा देताना मध्यापासून दोन सेंटिमीटर सोडा. एकाआड एक टोक मध्यावर आणून चिकटवा, वळणावर घडी पाडू नका, पाकळी गोल राहिली पाहिजे. वारा त्या पोकळीत शिरतो तेव्हाच फिरतं. कार्डशीट फार ताठ, पतंगाचा कागद फार लुळा. टिंटेड कागद योग्य. टाचणी लहान मुलांच्या हातात नको. खराट्याची हीर घ्या, मधल्या भोकातून आरपार घाला आणि भिरभिऱ्याच्या पुढे-मागे कागदाच्या पट्टीचे गुंडाळलेले मणी हिराला चिकटवा. पुढच्या मण्याने हिराचं टोक पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. मणी आणि कागद यांच्यात दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी आणि भोक हिरापेक्षा सैल हवं. नव्वद टक्के वेळा बिघाड इथेच असतो. हीर आडवी धरून वाऱ्याकडे तोंड करायचं. उभी धरली तर काही होणार नाही, आणि मुलं हमखास उभीच धरतात.

अशा वस्तूंचा खजिना हवा असेल तर पुण्यातच काम केलेल्या अरविंद गुप्ता यांचं खेळण्यांचं संकेतस्थळ बघा, मराठीतही भरपूर आहे आणि सगळं फुकट. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं अशी खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कुंभारकाम

मैदा-मिठाच्या पणत्या परत चिकट का होतात ते आधी सांगतो. त्या ओल्या राहिलेल्या नसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. पुण्यात आषाढ-श्रावणात ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. कितीही भाजा, वर रंग द्या, तो गोळा पाझरणार. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी हे प्रमाण मार्च-एप्रिलसाठी ठेवा. तेव्हा चार दिवसांत दगड होतो. आत्ता तो गोळा नुसता खेळायला वापरा, वस्तू टिकवायच्या भानगडीत पडू नका.

आता बैल. शाडूची पूड किलोभर घ्या, दोघांचे मिळून चार-पाच बैल होतील. पाणी एकदम ओतायचं नाही. किलोला साधारण दीड ते दोन वाट्या लागतं, पण थोडं थोडं घालत मळा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. ताजी मळलेली माती वाकवली की कडेला भेगा पडतात, मुरलेली वाकते. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा, भेग पडली तर अजून पाणी आणि अजून मळणं.

बैलाचे पाय वेगळे करून चिकटवू नका, लहान मुलांनी चिकटवलेले पाय वाळले की गळतात. त्याऐवजी मोसंबीएवढा गोळा घेऊन चौदा सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर जाड वळी लाटा. हे धाकट्याचं काम, पाटावर तळहाताने मागेपुढे. दोन्ही टोकांना दोऱ्याने किंवा पट्टीने चार-चार सेंटिमीटर उभी चीर द्या. प्रत्येक टोकाच्या दोन फाका झाल्या, म्हणजे चार पाय. वळी मधून कमानीसारखी वाकवली की बैल स्वतःच्या पायांवर उभा राहतो. कुठेच जोड नाही, त्यामुळे तुटायला जागा नाही. पाय मुलाच्या अंगठ्यापेक्षा बारीक ठेवू नका, आणि चारही पाय पाटावर हलकेच दाबून समतल करा.

मान आणि डोकं वेगळं लागतं. तिथे दोन्ही पृष्ठभागांवर काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढा, मातीचा दह्यासारखा घोळ लावा, दाबा, आणि जोडाच्या कडेची माती बोटाने दोन्हीकडे ओढून सांधा पुसून टाका. नुसतं पाणी लावून चिकटवलेलं डोकं ओलं असताना छान बसतं आणि वाळल्यावर अलगद हातात येतं.

शिंगांच्या आत आगपेटीची काडी घालायचा सल्ला पुष्कळ जण देतात. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही, म्हणून शिंग उभं चिरतं. माती ओली असताना डोक्यावर दोन भोकं पाडून ठेवा आणि वाळल्यावर जाड कागदाची शिंगं गुंडाळून भोकात चिकटवा. सुबक दिसतात, पोळ्याला हिंगूळ लावल्यासारखं टोक रंगवता येतं.

वाळवायचं सावलीत. उन्हात किंवा थेट पंख्याखाली बाहेरची कातडी आधी आकसते आणि तडे जातात. पहिले दोन दिवस वर वर्तमानपत्राचं सैल पान टाका, मग उघडं ठेवा, रोज कूस बदला. पावसात आठवडा धरा. वाळला की नाही ते गालाला लावून बघायचं: गार लागला तर आत अजून ओल आहे. ओल्यावर रंग दिला तर पापुद्रा निघतो. आधी गेरू किंवा पांढरा पोस्टर कलर, पातळ, दोन हात. पाणी जास्त झालं तर शाडू परत विरघळू लागतो, ब्रश निपटून वापरा.

पोळा श्रावणी अमावास्येला, म्हणजे निदान दहा दिवस आधी बैल तयार हवेत.

कात्रीकागद

चटईसाठी वर सांगितलेली घडी आणि चिरा आल्या की त्याच कौशल्यावर दिवाळीचा चिरांचा कंदील होतो, म्हणून इथेच लिहून ठेवते. ए-फोर कागद तसाच अर्धा दुमडायचा, चिरा दीड सेंटिमीटरवर, कडेला अडीच सेंटिमीटर सोडून. उलगडून नळी करायची, चिरा उभ्या. आत पिवळ्या कागदाची दुसरी नळी घालायची, तिची उंची एकवीसऐवजी अठरा सेंटिमीटर आणि घेर किंचित कमी. बाहेरच्या नळीचे वरचे-खालचे काठ आतल्या नळीच्या काठांना जुळवून चिकटवले की पाकळ्या चारएक सेंटिमीटर बाहेर फुगतात. बहुतेक जण आतली नळी घालतच नाहीत, मग कंदील दुसऱ्या दिवशी लोंबतो. आत पणती किंवा मेणबत्ती अजिबात नको, एलईडीची माळ सोडा. बटणाच्या आकाराच्या सेलवर चालणारे छोटे दिवे मात्र साडेतीन वर्षांचं मूल असलेल्या घरात आणू नयेत. तो सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते, लगेच रुग्णालय गाठावं लागतं.

आणखी दोन झटपट गोष्टी. भेंडीचे ठसे: देठाकडचा जाड भाग कापा, पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. कापल्यावर दहा मिनिटं फडक्यावर उपडी ठेवा, नाहीतर चिकट रस रंगात मिसळून ठसा पसरतो. रंग ताटलीत ओतू नका. ओल्या स्पंजवर पोस्टर कलर पसरून त्याचं शाईचं पॅड करा. दुसरी गोष्ट हळदीचा कागद: एक चमचा हळद तीन मोठे चमचे पाण्यात, जाड कागदावर फासून वाळवायची. मग इअरबडने कपड्याच्या साबणाच्या पाण्याने चित्र काढलं की लालसर रेघ उमटते, लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळी. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. खाली जुनी चादर अंथरा, हळदीचे डाग टाइलच्या फटीतून जात नाहीत.

क्रेप कागदाला ओला गोंद लावू नका, रंग सुटतो. सुटायलाच हवा असेल तर पांढऱ्या ड्रॉइंगच्या कागदावर क्रेपचे तुकडे ठेवून पाणी शिंपडा आणि अर्ध्या तासाने उचला. धाकटा खूश.

पेठकर

सामानाचं. घोटीव, टिंटेड, क्रेप, पतंगाचा कागद, कार्डशीट यासाठी अप्पा बळवंत चौक. कार्डशीट पूर्ण घ्या, २२ बाय २८ इंच येते. ए-फोरचे तुकडे एकाच दिशेने आखले तर चारच निघतात. तीन एका दिशेने आणि दोन आडवे मांडले तर पाच. मणी, लोकर, लेस, दोरे, बटणं रविवार पेठेत बोहरी आळीत. बांबूच्या काड्या बुरुड आळीत. त्या खरखरीत असतात, मुलांच्या हातात द्यायच्या आधी पॉलिशपेपर फिरवा. माती कसब्यातल्या कुंभारवाड्यात, गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत शाडू आणखीही बऱ्याच ठिकाणी मिळतो. चारचाकी नेऊ नका, कुठेच लावता येणार नाही. शनिवारी संध्याकाळी तर पायीसुद्धा जाऊ नका.

मणी धाकट्यासाठी मोठे घ्या, हरभऱ्यापेक्षा लहान नकोत. फुग्यावर कागद लावून गोल करणार असाल तर फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला.

आषाढसरी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उद्या मासा आणि चटई, रविवारी खळ. कुंभारकाम दादा, दोन शंका. मळलेली माती पोळ्यापर्यंत ठेवता येईल का? आणि मोडलेल्या बैलाची माती परत वापरता येते का?

कुंभारकाम

ठेवता येते. ओल्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, आठवड्यातून एकदा फडकं ओलं करा. थोडा वास येईल, काळपट डाग दिसतील, मळल्यावर जातात. वास मुरलेल्या मातीचाच असतो.

मोडलेला बैल रंगवलेला नसेल तर वापरता येतो. पण तो पूर्ण वाळू द्या, मगच तुकडे करून पाण्यात टाका. कोरडी माती पाणी शोषून पटकन विरते, अर्धवट ओला गोळा मात्र दिवसभर पाण्यात राहिला तरी मधे तसाच राहतो. वरचं पाणी ओतून टाका, चिखल जुन्या पंचावर पसरून मळण्याइतका घट्ट होऊ द्या.

हात आणि भांडी बेसिनमध्ये धुऊ नका, शाडू पाइपात बसतो. बादलीत धुवा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी झाडांना आणि खालची माती परत डब्यात.